नागरिकत्व : जन्माचे आणि अभ्यासाचे

जे जन्माने मिळते त्याचे मोल करण्याचा प्रसंग माणसावर सहसा येत नाही. नागरिकत्वाचे असेच आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ते जन्मतःच लाभले. मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयांना ते १९६२ च्या केंद्रीय आदेशाने प्राप्त झाले. दोन्ही वेळी कोणी कोणाची परीक्षा घेतली नाही.

अमेरिकेत स्थायिक होऊन तेथील नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्या आपल्या बांधवांची गोष्ट निराळी. त्यांना त्या देशाचा इतिहास व राज्यव्यवस्था यांची तोंडी परीक्षा द्यावी लागते. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना लागू झालेल्या पद्धतीत १२८ प्रश्न आधीच प्रसिद्ध केलेले आहेत. अधिकारी त्यांपैकी २० पर्यंत विचारतो आणि १२ उत्तरे बरोबर यावी लागतात. वय ६५ च्या पुढे आणि कायम निवास २० वर्षांचा असेल, तर निवडक २० प्रश्नांचीच तयारी पुरते व उत्तरे दुभाष्यामार्फत स्वभाषेत देता येतात. ही उत्तरे एखाद्या आजीबाईने तेथे मराठीत किंवा कोंकणीत सांगितली तरी चालतात.

या परीक्षेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की हे केवळ पाठांतर आहे. त्यावरून निष्ठा कशी कळणार? अर्थ न जाणता वेद पढणाऱ्याला यास्काचार्यांनी निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाच्या पंक्तीस बसविले आहे, हे खरे. परंतु मौंजीबंधनात बटूला मंत्र आधी मिळतो आणि अर्थ मागाहून उलगडतो, हेही तितकेच खरे. पाठांतर हे ज्ञानाचे पात्र आहे. ते रिकामे राहिले तर दोष पात्राचा नव्हे.

शिवाय, परीक्षा नव्हती तेव्हा काय होते, की परीक्षेच्या नावाखाली निराळेच काही चालले होते, हे पाहिले पाहिजे. पंजाबात जन्मलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरीही १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ते कायद्याच्या अर्थाने 'गौरवर्णीय' नाहीत म्हणून, त्यांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. त्या दारात विद्वत्तेचा उपयोग नव्हता. प्रश्न कातडीचा होता. भारतीयांना ते दार १९४६ च्या कायद्याने उघडले. उलट, त्याच देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी साक्षरतेच्या परीक्षा घेतल्या जात. उत्तर बरोबर की चूक, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने या प्रकाराला आळा बसला. तात्पर्य, परीक्षा ही दारही होऊ शकते आणि भिंतही. जिचे प्रश्न आगाऊ जाहीर असतात, जी सर्वांस सारखी असते आणि जी जन्म न विचारता अभ्यास विचारते, ती दार होय.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जन्माने नागरिक झालेल्याला हे प्रश्न कोणीच विचारत नाही. मग नवागतालाच का? गोव्यातील देवस्थानांचे महाजनपण जन्माने येते. पालखीच्या वेळी मान घ्यायला महाजनाचा मुलगा पुढे असतो. देवस्थानची नियमावली त्याने वाचली आहे काय, असे कोणी विचारीत नाही. तो महाजन नाही असे म्हणता येणार नाही. पण त्याचे महाजनपण अपुरे आहे, एवढे तर म्हणावेच लागेल. या आक्षेपाचे उत्तर नवागताची परीक्षा रद्द करण्यात नाही; जन्मजात अधिकाऱ्याने ती आपण होऊन देण्यात आहे.

अर्जदाराची खरी कसोटी मात्र प्रश्नोत्तरांनंतर लागते. शेवटी त्याला शपथ घ्यावी लागते आणि तीत परकीय राज्यावरील पूर्वीची निष्ठा सोडावी लागते. इकडे आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमान्वये त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. उत्तरे पाठ करून दिली तर क्षम्य आहे. शपथ पाठ करून घेणे क्षम्य नाही. कारण उत्तर हे माहितीविषयी असते, शपथ ही स्वतःविषयी असते. म्हणून त्या १२८ प्रश्नांचा अभ्यास, आपण कशाला वचन देणार आहोत हे आधी कळावे, या हेतूनेच केला पाहिजे. नुसत्या पारपत्रासाठी जो हा अभ्यास करतो, तो परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि शपथेत नापास होतो.

आपल्या देशात नागरिकत्व स्वीकारू इच्छिणाऱ्या परकीयास राज्यघटनेवर प्रश्न नाहीत. आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान मात्र त्याला लागते, आणि त्या अनुसूचीत मराठीबरोबर १९९२ पासून कोंकणीही आहे. आपणांस तर तेवढेही कोणी विचारलेले नाही. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये १९७६ साली घटनेच्या ५१-क या अनुच्छेदात आली. आज ती अकरा आहेत. त्यांपैकी किती आपणांस सांगता येतील? परदेशी गेलेल्या मुलाच्या हातात प्रश्नांची पुस्तिका पाहून हसू येण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी ही एक परीक्षा मनोमन देऊन पाहावी. तिचा निकाल कोठेही लागत नाही. परंतु आपले नागरिकत्व वारशाचे आहे की कमाईचे, हे तिच्यावाचून कळावयाचे नाही.