तुकड्यावरून अख्ख्याचे ज्ञान

समुद्राच्या तळाशी ब्रिटल स्टार मेला की काही दिवसांतच त्याचे शरीर सुटे होऊ लागते. तारामाशाचा हा जवळचा नातेवाईक. मध्ये छोटी तबकडी आणि तिच्यातून निघालेले, बहुधा पाच, सडपातळ, वळवळणारे बाहू. त्याचा सांगाडा कॅल्साइटच्या हजारो बारीक तुकड्यांचा असतो. त्यांना बांधून ठेवणारे स्नायू आणि तंतू कुजले की तुकडे गाळात विखुरतात आणि कालांतराने त्या गाळाचा खडक होतो. प्राणी जिवंतपणीच किंवा मरताक्षणी गाळाखाली गाडला गेला, तरच तो अख्खा सापडतो. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर ईप गावाजवळचा ‘स्टारफिश बेड’ किंवा जर्मनीतला हुन्सरुकचा पाटीचा दगड ही अशा भाग्यवान अपवादांची नावे. एरवी अभ्यासकाच्या हाती लागतात ते खडक विरघळवून, धुऊन, चाळून उरलेले जेमतेम मिलिमीटरभराचे कण. तरीही त्यातला एखादा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो सांगतो की हा प्राणी अमुक कुळातला, अमुक प्रजातीचा. पुष्कळदा तेवढ्यावरून नव्या जातीला नावही देतो. हजारातला एक अंश पाहून उरलेल्या सगळ्याविषयी बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? हा प्रश्न जीवाश्मशास्त्राचा आहे तितकाच तत्त्वज्ञानाचा आहे, आणि आपल्याकडच्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, तो फार पूर्वीच विचारला आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत, दुसऱ्या अध्यायात, एक आक्षेप येतो. झाड पाहिले असे आपण म्हणतो, पण डोळ्यांना दिसतो तो झाडाचा एक भाग. मग झाडाचे ज्ञान प्रत्यक्ष कसले, ते तर अनुमानच. न्यायाचे उत्तर असे की निदान तो एक भाग तरी प्रत्यक्ष दिसतो हे आक्षेपकालाही मान्य आहे. शिवाय झाड म्हणजे नुसती अवयवांची गोळाबेरीज नव्हे. अवयवी ही स्वतंत्र वस्तू असून ती आपल्या अवयवांत राहते, म्हणून अवयव दिसताना अवयवीही दिसतो. बौद्धांनी हे कधीच मानले नाही. त्यांच्या लेखी अवयवांपलीकडे अवयवी नाहीच. या वादात जिंकले कोण हे बाजूला ठेवले, तरी जीवाश्माच्या कणापुढे न्यायाचे हे उत्तर अपुरे पडते. इथे अवयवी समोर नाही. तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच मोडला. मागे उरला आहे फक्त एक अवयव, तोही जोडणीतून सुटलेला. तेव्हा प्रत्यक्षाचा आधार सोडून न्यायाच्याच दुसऱ्या प्रमाणाकडे वळावे लागते. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला परंपरेने ‘शेषवत्’ म्हटले आहे. कण हे कार्य आणि तो घडवणारा प्राणी हे कारण. असे अनुमान उभे राहते ते व्याप्तीवर, म्हणजे हेतू आणि साध्य, जसे धूर आणि अग्नी, यांच्यातल्या न तुटणाऱ्या संबंधावर. माझे म्हणणे एवढेच की ज्या संबंधाची दोन्ही टोके कुठेतरी एकत्र पाहिली गेली आहेत, त्याच संबंधाच्या बळावर तुकडा अख्ख्याविषयी बोलू शकतो. आणि तो संबंध पोचतो तिथपर्यंतच बोलू शकतो.

ब्रिटल स्टारच्या बाबतीत ही दोन टोके कशी पाहिली गेली ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्याचा बाहू मणक्यांसारख्या तुकड्यांच्या रांगेने बनतो आणि प्रत्येक मणक्याभोवती चार पट्टिका असतात: वर एक, खाली एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. बाहूवरचे काटे बाजूच्या पट्टिकांवर बसतात. काटा जिथे टेकतो तिथे पट्टिकेवर उंचवट्याची कड असते आणि तिच्याजवळ दोन छिद्रे, एक स्नायूसाठी आणि दुसरे मज्जातंतूसाठी. ही कड काही कुळांत कानाच्या पाळीसारखी असते, काहींत स्वल्पविरामासारखी वळते, तर काहींत दोन समांतर रेषांसारखी दिसते. अशा सुट्या पट्टिकांकडे स्वित्झर्लंडचे हान्स हेस यांनी 1960 च्या दशकात नेटाने लक्ष दिले. पुढे बेन थुय आणि स्टॉकहोमच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील साबिने श्टोर यांनी 2011 मध्ये या कामाला पद्धतशीर पाया दिला. त्यांनी आज जिवंत असलेल्या अनेक जातींचे बाहू घेतले, त्यांतल्या पट्टिका मोकळ्या केल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची एकमेकींशी तुलना केली. प्राणी कोणता हे आधीच ठाऊक आणि पट्टिका डोळ्यांसमोर, म्हणजे धूर आणि अग्नी दोन्ही एकाच ठिकाणी. व्याप्ती ठरवायची ती अशीच. इथला संबंध नुसत्या सोबतीचाही नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने व्याप्तीला कार्यकारणाचा किंवा तादात्म्याचा आधार मागितला होता. त्यांतला पहिला इथे स्पष्ट आहे, कारण ती कड त्या प्राण्याच्या शरीरानेच त्या स्नायूसाठी आणि त्या मज्जातंतूसाठी वाढवलेली असते.

पण व्याप्ती दिसली म्हणून ती निर्दोष ठरत नाही. न्यायात ‘उपाधी’ नावाची अडचण सांगितली आहे. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही. धुरामागे ओल्या सरपणाची अट लपलेली असते. पट्टिकांच्या अभ्यासातही अशी लपलेली अट आहे. एकाच प्राण्याच्या एकाच बाहूवर तबकडीजवळच्या पट्टिका आणि टोकाकडच्या पट्टिका सारख्या नसतात. टोकाकडे त्या लांबट, बारीक आणि साध्या होत जातात. पिल्लाच्या पट्टिकाही प्रौढाच्या पट्टिकांहून साध्या असतात. त्यामुळे मोठ्या जातीची टोकाची पट्टिका एखाद्या लहान जातीची म्हणून खपून जाऊ शकते. चांगला अभ्यासक ही उपाधी ओळखतो आणि तिची व्यवस्था करतो. तो बुंध्याकडच्या पट्टिकेची तुलना बुंध्याकडच्याच पट्टिकेशी करतो, एकाच थरातल्या पुष्कळ पट्टिका लावून त्यांतला बदलाचा क्रम पाहतो, आणि टोकाकडचा कण हाती आला तर फक्त कुळ सांगून थांबतो. जातीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवणे ही त्याची हार नव्हे. हेतू जिथे संपतो तिथे वाक्यही संपवण्याची ही शिस्त आहे, आणि मला ती या विद्येतली सर्वांत मोठी नैतिक गोष्ट वाटते.

यावर इतिहासाचा दाखला देऊन कोणी म्हणेल की तुकड्यांनी शहाण्यांना वारंवार फसवले आहे. दाखले खरे आहेत. 1856 मध्ये पांडर यांनी दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म वर्णिले आणि त्यांना कोनोडॉन्ट हे नाव मिळाले. ते कोणत्या प्राण्याचे, यावर शंभराहून अधिक वर्षे तर्क लढले. एकाच प्राण्याच्या तोंडातल्या वेगवेगळ्या आकाराच्या भागांना वेगवेगळ्या जातींची नावे मिळाली. शेवटी 1983 मध्ये, एडिनबरोजवळच्या ग्रॅन्टनच्या खडकातून मिळालेला, हेच भाग तोंडात असलेला लांबट प्राणी जगासमोर आला तेव्हा उलगडा झाला. कॅनडातल्या अनोमॅलोकॅरिस या नामशेष प्राण्याची कथाही तशीच. त्याचे एक उपांग कोळंबीसारख्या प्राण्याचे धड समजले गेले आणि त्याच्या नात्यातल्या प्राण्याचे गोल तोंड जेलीफिश ठरले. 1985 मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी हे भाग एकत्र जुळवले. पण या फसगतींत नेमके काय चुकले ते पाहिले पाहिजे. कोनोडॉन्टचा किंवा अनोमॅलोकॅरिसचा तसाच अवयव बाळगणारा कोणताही जिवंत नातेवाईक अभ्यासकांपुढे नव्हता. दोन्ही टोके एकत्र कधी पाहिलीच गेली नव्हती, म्हणून व्याप्तीच्या जागी साम्य आले आणि साम्याने दगा दिला. ब्रिटल स्टारच्या दोन हजारांहून अधिक जाती आज समुद्रात आहेत. तेव्हा हे दाखले तुकड्यावरून बोलण्याच्या विरोधात जात नाहीत; व्याप्तीविना बोलण्याच्या विरोधात जातात.

दुसरा आक्षेप अनुमानावर विश्वास न ठेवणाऱ्या चार्वाकाचा आणि तो अधिक खोल आहे. जिवंत जाती कितीही तपासल्या तरी नष्ट झालेल्या सगळ्या तपासता येत नाहीत. मग अपवाद नसेलच हे कशावरून? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याला उत्तर दिले आहे. जी शंका धरली असता शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वागणेच व्याघातात सापडते, तिथे शंका थांबते, असा त्याचा आशय. मी त्यात एक भर घालीन. एका प्रमाणाने कळलेली वस्तू दुसऱ्या प्रमाणानेही कळू शकते असे नैयायिक मानतात आणि त्याला प्रमाणसंप्लव म्हणतात. 2014 मध्ये ओ’हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत ब्रिटल स्टारच्या जनुकांवरून त्यांची वंशावळ मांडली. जुन्या वर्गीकरणाच्या मुख्य फांद्या तिने मोडल्या, मात्र बाजूच्या पट्टिका जे नाते सुचवत होत्या त्याला तिचा दुजोरा मिळाला. जनुकांना काट्याच्या बैठकीची खबर नव्हती, तरी दोघांची साक्ष जुळली. स्वतंत्र वाटांनी आलेल्या ज्ञानाचा असा मेळ हे चार्वाकाला मिळू शकणारे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. हे अनुमान फळही देते. 2012 मध्ये थुय आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडाजवळच्या अटलांटिकच्या तळातून आलेल्या सुमारे 11 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीच्या गाळातले असेच कण तपासले. खोल समुद्रातल्या आजच्या प्राणिसृष्टीची अनेक कुळे तेव्हाच तिथे नांदत होती असे त्यांना दिसले. पुढे महासागरात प्राणवायू घटण्याची संकटे आली, त्यांत जुनी खोल सृष्टी नाहीशी झाली आणि नवी उथळ पाण्यातून आली, ही समजूत त्यामुळे डळमळली.

आता याच मापाने एक मोठे अनुमान मोजून पाहणे भाग आहे. उदयनाचार्यांनी त्याच ग्रंथात ईश्वर सिद्ध करताना म्हटले की जग हे कार्य आहे, आणि कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. पृथ्वी, अंकुर, पर्वत हे आपल्या हाती आलेले तुकडे. त्यांवरून कर्त्याकडे जायचे. या मांडणीची झेप आणि तिच्यामागची श्रद्धा यांबद्दल मला आदर आहे, पण व्याप्तीची कसोटी इथेही तीच लावावी लागते. घट आणि कुंभार एकत्र पाहिले गेले आहेत. पर्वत आणि त्याचा कर्ता कोणीही एकत्र पाहिलेले नाहीत. रत्नकीर्तीसारख्या बौद्ध तार्किकांचा आक्षेप याच मर्मावर होता: घटावरून मिळालेली व्याप्ती पर्वताला लावता येत नाही, कारण ‘कार्य’ या एका नावाखाली दोन फार वेगळ्या वस्तू आल्या आहेत. जगाच्या बाबतीत आपली स्थिती 1983 पूर्वीच्या कोनोडॉन्टच्या अभ्यासकासारखी आहे. तुकडा खरा आहे, जिज्ञासा खरी आहे, पण तुलनेला दुसरे जग नाही.

यावर श्रद्धावान माणूस विचारील की मग ईश्वर नाही असे म्हणायचे का. मुळीच नाही. व्याप्ती न मिळणे म्हणजे साध्याचा अभाव सिद्ध होणे नव्हे. ग्रॅन्टनचा प्राणी जगाला कळण्याआधीही कोनोडॉन्ट कुणाचे तरी होतेच. वरच्या परीक्षेतून एवढेच निघते की या वाटेने ‘आहे’ सिद्ध होत नाही आणि ‘नाही’ही होत नाही. शब्दप्रमाण, साधना, संतांचा अनुभव, भक्ती या श्रद्धेच्या स्वतःच्या भूमी आहेत आणि त्यांची परीक्षा त्यांच्या त्यांच्या रीतीने व्हावी. श्रद्धा अनुमानाचा वेष घेऊन उभी राहिली की तिला अनुमानाचे नियम लागू होतात, आणि त्या नियमांत ती उगाचच दुबळी दिसते. तिला त्या दारात नेऊन उभे करणे हा तिच्यावरच अन्याय आहे.

उलट बाजूने कोणी म्हणेल की इतकी कडक कसोटी माणसाच्या विचाराला खुजे करील. मोठे प्रश्न सोडून तो पट्टिकाच मोजत बसेल. मला उलट वाटते. आपल्या वाट्याला येते ते सगळेच अंशरूप आहे: इतिहासातला एखादा ताम्रपट, माणसाच्या स्वभावाची एखादी कृती, परंपरेचे एखादे वचन. अंशावरून काही बोलूच नये म्हटले तर ज्ञानच संपेल, आणि हवे ते बोलावे म्हटले तर ज्ञान आणि कल्पना यांत फरक उरणार नाही. या दोन टोकांच्या मधली जागा ब्रिटल स्टारच्या अभ्यासकाने कष्टाने मिळवली आहे. त्याने संबंध आधी जिवंत प्राण्यात तपासला, लपलेली अट शोधली, दुसऱ्या प्रमाणाची साक्ष काढली आणि कण जिथवर बोलला तिथवरच तो बोलला. धर्माविषयी, समाजाविषयी, एकमेकांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा यांतली एकही पायरी चढत नाही. एका तुकड्यावरून थेट अख्ख्याचा निवाडा देतो. मिलिमीटरभर पट्टिकेबाबत पाळली जाणारी ही सचोटी माणसाबाबत आणि ईश्वराबाबत तर अधिकच पाळली गेली पाहिजे, कारण तिथे चुकीच्या नावाची किंमत फार मोठी असते.