देणाऱ्याची लाज

दान घेणाऱ्याने मान खाली घालावी आणि देणाऱ्याने ती ताठ ठेवावी, असा लोकांत रिवाजच पडून गेला आहे. हा रिवाज इतका जुना आणि सर्वत्र रूढ आहे, की तो उलटा असू शकेल हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. शास्त्राने मात्र तो उलटाच सांगितला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, विद्या पुरी करून घरी निघालेल्या शिष्याला गुरू उपदेश करतात. त्यात दान कसे द्यावे याची काही लक्षणे येतात. श्रद्धेने द्यावे, हे पहिले. ते कोणालाही पटते. ऐपतीला साजेल असे द्यावे, हेही पटते. पण लगेच पुढे ‘ह्री’ हा शब्द येतो. ह्री म्हणजे लाज. आचार्यांनीही भाष्यात त्याचा अर्थ लज्जा असाच केला आहे. म्हणजे देणाऱ्याने लाजून द्यावे!

आता प्रश्न असा, की देणाऱ्याने का म्हणून लाजावे? त्याने काय कोणाची चोरी केली आहे? घरचे काढून दुसऱ्याला दिले, उन्हात राबून पिकविलेले दिले. त्याला वाटला तर थोडा अभिमान वाटावा. लाज कसली? पाठशाळेत हा अनुवाक आमचा पाठ झाला, तेव्हा हे विचारण्याचे वय नव्हते. त्या वयात शब्द आधी येतो, आणि अर्थ मागाहून काठी टेकीत चालत येतो. ह्या शब्दाचा अर्थ आमच्यापर्यंत पोहोचला तो एका परक्या मुलुखातल्या भाजीच्या वाफ्यावरून. म्हणून त्या मळ्याची हकीकत प्रथम सांगणे प्राप्त आहे.

अमेरिकेत ‘फूड बँक’ नावाची संस्था गावोगाव असते. आपण तिला अन्नपेढी म्हणू. पैशाच्या पेढीत ठेवणारा आणि काढणारा एकच असतो. ह्या पेढीत ठेवणारा एक आणि काढणारा दुसरा. १९६७ साली अॅरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थाने अशी पहिली पेढी काढली. हे गृहस्थ गरिबांच्या भोजनगृहात सेवा करीत, आणि लोकांच्या बागांत वाया जाणारी संत्री-लिंबे मालकांच्या परवानगीने तोडून तेथे आणीत. तेथेच त्यांना एक लेकुरवाळी बाई भेटली. दुकानांमागच्या कचऱ्याच्या पेट्यांतून खाण्याजोगे वेचून ती मुलांना पोशीत असे. तिने सुचविले, की टाकून दिले जाणारे हे अन्न कोणी आणून ठेवावे आणि नडलेल्याने तेथून न्यावे, अशी पेढीसारखी एक जागा हवी. तिथल्या चर्चने एक रिकामी पडलेली इमारत आणि ३,००० डॉलर दिले, आणि कार्याला आरंभ झाला. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ही कल्पना देणाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही. ती घेणारीच्या तोंडून निघाली आहे.

अशा पेढीत डबाबंद जिन्नस, पीठ, कडधान्ये येतात. ताजी भाजी कमी पडते, कारण ती टिकत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी ठिकठिकाणी स्वयंसेवक मळे करतात. वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटल शहरी ह्या कामाचा आरंभ मोठ्या अडचणीच्या काळात झाला. १९७० च्या सुमारास तेथील विमानांच्या कारखान्यात मंदी आली आणि हजारो माणसे कामावरून कमी झाली. काल ज्याच्या घरी चार पाहुणे जेवून जात, त्याच्या घरी आज चूल कशी पेटवावी ही चिंता. अशा वेळी विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीने पिकार्डो नावाच्या इटालियन घराण्याच्या भाजीच्या शेतातला एक तुकडा मागून घेतला, आणि मुलांच्या हातून तेथे गरजूंसाठी भाजी पेरली. ज्या घरांनी हात लावला, त्यांना त्याच तुकड्याच्या कडेने आपापल्या भाजीसाठी लहान वाफे दिले. १९७३ साली नगरपालिकेने ती जमीन भाड्याने घेतली. पुढे शहरभर असे मळे झाले; आज ते ऐंशीहून अधिक आहेत, आणि पिकार्डो नावाचे आद्याक्षर घेऊन त्यांना ‘पी-पॅच’ म्हणतात.

मध्ये भुकेल्याचा वाफा आणि कडेला आपला! आपला संसार आधी भागवावा आणि उरले तर कोपऱ्यात धर्म करावा, ही आपली नेहमीची रीत. येथे मांडणीच उलटी झाली.

कीर्तनाच्या निमित्ताने २०१९ च्या ज्येष्ठात आमचे त्या शहरी जाणे झाले. यजमान मूळचे सातारकडचे. त्यांचा अशाच एका मळ्यात वाफा होता, आणि मळ्यातले काही सामाईक वाफे अन्नपेढीसाठी राखलेले होते. त्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे ऐन पिकाच्या दिवसांत पाणी हाताने घालावे लागते. शिवाय तेथल्या बिनशंखाच्या गोगलगायी एका रात्रीत कोवळी रोपे फस्त करतात. त्या सकाळी वेचाव्या लागतात. यजमान हसत म्हणाले, “महाराज, लावणीच्या दिवशी तीस माणसं येतात. फोटोही निघतात. तण काढायला येतात चौघं.” आम्ही म्हटले, “आमच्या सप्ताहातही काल्याला गर्दी असते, पहाऱ्याला चौघेच असतात.”

त्या दिवशी पेढीच्या वाफ्यातले मुळे निघाले. यजमानांनी ते धुतले, किडकी पाने काढली, जुड्या बांधल्या. जे मुळे फुटके, वेडेवाकडे होते ते त्यांनी आपल्या पिशवीत टाकले आणि सरळ, तजेलदार मुळे पेढीच्या टोपलीत घातले. मग टोपली काट्यावर ठेवून वजन वहीत लिहिले. “नाव कोठे लिहिता?” असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “वजन लिहितो. नाव कशाला?” आणखी त्यांनी सांगितले, की एका वर्षी केल नावाची, कोबीच्या जातीची पालेभाजी त्यांनी फार लावली. ती पेढीत पडून राहू लागली. चौकशी करता कळले, की तेथे येणाऱ्यांत आफ्रिकेकडची, व्हिएतनामकडची पुष्कळ घरे. त्यांच्या स्वयंपाकात ती भाजी नाही. तेव्हापासून पेरण्याआधी ते विचारतात, की तुम्हाला काय लागते?

आता ह्यावर आक्षेप येतात. ते टाळून पुढे जाणे हे शास्त्राच्या रीतीत बसत नाही.

पहिला आक्षेप असा: फुकट दिल्याने माणूस आळशी होतो, ज्याला भाजी हवी त्याने आधी खुरपे हाती घ्यावे. ह्याचे उत्तर पिकार्डोंच्या शेतानेच दिले आहे. कारखान्यातून कमी झालेले ते लोक आळशी होते काय? तेच हात आदल्या वर्षी विमाने बांधीत होते! २०२० च्या साथीत तर साऱ्या जगाने पाहिले, की महिना-दोन महिन्यांत घरेच्या घरे देणाऱ्यांच्या रांगेतून घेणाऱ्यांच्या रांगेत गेली. तेव्हा ‘तो आणि मी’ अशी कायमची दोन माणसे नाहीतच. एकच माणूस आज ह्या रांगेत असतो आणि उद्या त्या रांगेत. अहो, आणि मुळा पिकविला कोणी? बी मागच्या पिकाचे, माती गांडुळांनी केलेली, ऊन-पाऊस कोणाच्या बापाचे नाहीत. यात आपल्या वाट्याला आले ते वाकणे तेवढे. आपण घेतले ते सगळे न विचारता घेतले, आणि देताना मात्र दुसऱ्याकडे मजुरी मागायची, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप जरा अधिक खोल आहे. आपल्याकडे अन्नदान म्हणजे पंगत. वाढणारा आणि जेवणारा समोरासमोर असतात. आग्रह असतो, तृप्तीचा ढेकर ऐकू येतो. येथे घेणाऱ्याचे तोंडही दिसत नाही. मग प्रेम कोठून येणार? ह्यावर आम्ही घेणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द बोलू, कारण विद्यार्थिदशेत आम्ही माधुकरीवर वाढलो आहो. आळंदीस वारकरी शिक्षण घेणाऱ्या मुलांनीही अशीच झोळी पुढे करून विद्या मिळविली आहे. त्यांना हे समजावून सांगायला नको. एका घरी भाकरी मिळे, पण भाकरीआधी प्रश्न मिळत. कोणाचा रे तू? घरी काय करतात? किती पाठ झालं? उंबऱ्याशी उभे राहून उत्तरे देईपर्यंत भूक मरून जाई. दुसऱ्या एका घरी माउली पहिली भाकरी थापून फडक्यात बाजूला ठेवीत, आणि झोळीत घालताना नजर दुसरीकडे करीत. आम्हाला वाटे, त्या आमच्याकडे पाहत का नाहीत? आज वाटते, त्या आमची लाज स्वतःच्या अंगावर घेत होत्या. प्रेम तोंड पाहण्यातच असते असे नाही. मळ्यात वाकलेल्या माणसाने न पाहिलेल्या माणसासाठी सरळ मुळा वेगळा काढावा, हेही प्रेमच. आणि ते पाहायला कोणी नसते, म्हणून त्याची परीक्षा अधिक कठीण.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा संप्रदायात सर्वांस ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली, आणि त्या धान्याची किंमत भरण्यास प्रत्यक्ष पांडुरंग विठू महाराच्या रूपाने गेले. कीर्तनात ह्या प्रसंगी श्रोते देवाच्या कृपेवर डोलतात. पण देवाने काय केले ते पाहा. पैसे भरले, पावती घेतली आणि नाहीसा झाला. वैकुंठीचा राणा देणारा झाला, तेव्हा त्याने गावचे सर्वांत धाकटे रूप घेतले. देणाऱ्याच्या लाजेचे ह्याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे, आणि तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. भूक ही काय दयेने भागवायची गोष्ट आहे? अन्न हा हक्क आहे. आपल्या देशात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कोट्यवधी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. मग टोपलीभर मुळ्यांचे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. टोपली हक्काची जागा घेऊ शकत नाही, आणि टोपली दिली म्हणून हक्काची मागणी कोणी सोडूही नये. परंतु ह्याच आक्षेपात आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. अन्न जर त्याचे हक्काचेच होते, तर आम्ही त्याला दिले काय? त्याचेच त्याला पोहोचविले. आणि तेही उशिरा, तो उपाशी राहिल्यानंतर. उसनी आणलेली वस्तू उशिरा परत करणारा दारात कसा उभा राहतो? मान ताठ करून? छे! तो म्हणतो, “राग मानू नका, उशीर झाला.” उपनिषदातली ‘ह्री’ ती हीच. आपण थोडे दिले एवढीच ती लाज नव्हे. जे त्याचे होते ते इतके दिवस आपल्याकडे राहिले, ह्याची ती लाज आहे.

म्हणूनच त्या मळ्यातल्या वहीचे आम्हाला कौतुक वाटले. हिशेब दोन तऱ्हेचे असतात. लोक माझे किती देणे लागतात, हा एक. तशा खतांचे काय करावे ते तुकोबारायांनी इंद्रायणीत ती बुडवून दाखविले आहे. मी लोकांचे किती देणे लागतो, हा दुसरा. तो मात्र तोळ्यातोळ्याने लिहावा. वजन आहे, नाव नाही, तो हा दुसरा हिशेब.

आपल्या गावोगावच्या देवळांना थोडीबहुत जमीन असते. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडून देव शोधला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. मग भजनी मंडळ्यांनी चार वाफे करून ती भाजी जवळच्या वसतिगृहाला किंवा दवाखान्यात रोग्यांपाशी बसलेल्या नातेवाइकांना पोहोचवायला काय हरकत आहे? मात्र वाफा पेरतानाच तो कोणाचा हे ठरवावे; उरल्यावर ठरविले, की उरत नाही. काय पेरावे हे खाणाऱ्याला विचारून पेरावे. पहिला तोडा त्याचा, दुसरा आपला. सणावाराची वाट पाहू नये. गवार तिथी पाहून लागत नाही, आणि भूकही पंचांग पाहून येत नाही. दात्यांच्या नावांची पाटी लावू नये. पाटी लावायचीच तर ‘येथे पाणी घालायला या’ अशी लावावी.

आणि टोपली पोहोचविताना कोणी आभार मानू लागला, तर त्याला थांबवून म्हणावे, “अहो, जरा उशीरच झाला आम्हाला.” हे वाक्य तोंडातून सहज निघू लागले, म्हणजे तो अनुवाक खरा पाठ झाला असे समजावे.