तळघरातला कंदील

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका लहानशा गावात एक बँकवाला राहत होता. त्याच्याकडे काचेचा एक जुना कंदील होता. कोणी घरासाठी कर्ज मागायला आलं की बँकवाला तो कंदील घेऊन निघे आणि सगळ्यांत आधी तळघरात उतरे. ओल कुठे आहे, पायाला तडा आहे का, तुळई वाळवीने पोखरली आहे का, हे गुडघ्यांवर बसून बघे. दिवाणखान्यात बसून माणसाशी बोलायचं ते त्यानंतर.

१९२८ साली त्याने गावातल्या एका सुताराला कर्ज दिलं. त्या काळची रीत अशी होती की घराची साधारण अर्धी किंमत आपण रोख भरायची आणि उरलेल्या रकमेचं कर्ज पाच वर्षांसाठी घ्यायचं. पाच वर्षं बहुधा नुसतं व्याज भरायचं आणि मुदत संपली की सगळं मुद्दल एकदम द्यायचं. अर्थात मुद्दल सहसा कोणी देत नसे. कर्ज पुन्हा पाच वर्षांसाठी लिहून घेतलं जाई आणि सगळं सुरळीत चाले.

१९३३ साली सुताराची मुदत भरली. त्याने एकही हप्ता चुकवला नव्हता. पण तोवर महामंदी गावापर्यंत आली होती आणि बँकेच्या दारात ठेवीदार रांग लावून उभे होते. बँकवाल्याने हात जोडले.

"तुझा दोष नाही रे. पण लोकांचा पैसा मी घरांमध्ये गुंतवलाय. घर विटेविटेने विकून ठेवीदाराला कसं देऊ?"

सुताराचं घर लिलावात गेलं. त्या वर्षी देशभर रोज सुमारे हजार घरं अशीच जात होती. मंदीत बेइमान माणसांचं नुकसान झालं असं आपण सहज म्हणून जातो, पण जे वेळेवर देत होते तेही बुडाले, कारण कर्ज देणाऱ्याकडेच पैसा उरला नव्हता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारला हे दुखणं नीट कळलं, याचा मला आजही आदर वाटतो. १९३४ च्या कायद्याने गृहकर्जाला सरकारी विमा मिळाला आणि लांब मुदतीच्या, दर महिन्याला थोडं थोडं मुद्दल फेडत जायच्या कर्जाची वाट मोकळी झाली. पण वीस वर्षांसाठी पैसा अडकवायला कोणती बँक तयार होणार? म्हणून फेब्रुवारी १९३८ मध्ये सरकारने एक संस्था काढली. तिचं लांबलचक नाव बाजारातल्या लोकांनी आद्याक्षरांवरून घडवून 'फॅनी मे' केलं. ती स्वतः कोणालाही कर्ज देत नसे. बँकांनी दिलेली, विमा उतरवलेली कर्जं ती विकत घेई. बँकेला रोकड मिळे आणि ती पुढच्या घराला जाई. यालाच दुय्यम गहाण बाजार म्हणतात.

सुताराने १९३९ साली पुन्हा अर्ज केला. बँकवाला कंदील घेऊन आला.

"साहेब, हा कागद तर तुम्ही वॉशिंग्टनला विकणार," सुतार म्हणाला. "मग कपडे कशाला मळवता?"

"त्यांनी हे तळघर कधी पाहिलेलं नाही. ते माझ्या सहीतून बघतात."

कर्ज वीस वर्षांचं होतं. कागद विकला गेला, पण सुतार हप्ता त्याच खिडकीवर भरायला येई आणि १९५९ साली तो कर्जमुक्त झाला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, तिच्याशिवाय कंदिलाची कथा खरी होत नाही. गावाच्या पलीकडच्या टोकाला एक कृष्णवर्णीय गवंडी राहत होता. तोही वेळेवर देणारा होता. पण विमा देणाऱ्या सरकारी खात्याचे नियम त्याच्यासारख्यांच्या वस्त्यांना धोक्याच्या मानत. बँकवाला त्याच्या तळघरात कधी उतरलाच नाही.

पुढे १९६८ साली, व्हिएतनाम युद्धाच्या खर्चाने अंदाजपत्रक वाकलेलं असताना, फॅनी मे सरकारी हिशेबातून काढून भागधारकांच्या हाती दिली गेली. १९७० मध्ये तिला फ्रेडी मॅक नावाची जोडीदारीण आली. आता या कंपन्या कर्जांची मोट बांधत, तिचे रोखे जगभर विकत आणि कर्जदार चुकला तर आम्ही भरू, असा जामीन राहत. त्या रोख्यांवर स्पष्ट छापलेलं असे की अमेरिकी सरकार याला जबाबदार नाही. वाचणाऱ्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. सरकार यांना बुडू देणार नाही, असंच सगळे धरून चालले आणि त्यामुळे त्यांना पैसा स्वस्तात मिळत राहिला. शंभर डॉलरच्या जामिनामागे कायद्याने गाठीला ठेवावे लागत फक्त ४५ सेंट. नफा भागधारकांचा होता. तोटा कोणाचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

२००५ साली बँकवाल्याचा नातू गावात कर्जाची कामं बघत होता. कंदील त्याच्या कचेरीत फळीवर शोभेला ठेवलेला होता. एक दिवस सुताराची नात आली.

"पगाराचे कागद आणलेत," ती म्हणाली.

"राहू द्या. तुम्ही सांगाल तो आकडा पुरे."

"घर बघायला कधी येता?"

"त्याची गरज नाही आता. संगणक सांगतो."

बाजारात तेव्हा खाजगी वित्तसंस्था कुणालाही कर्ज देत सुटल्या होत्या. आपला वाटा जाऊ नये म्हणून फॅनी मेनेही आपली चाळण सैल केली होती. नातीच्या कर्जात पहिली काही वर्षं नुसतं व्याज भरायचं होतं. आजोबांनी १९२८ साली सही केलेला कागदच जणू सत्त्याहत्तर वर्षांनी परत आला होता, आणि त्या वेळी निदान कोणीतरी तळघर तरी पाहिलं होतं.

दोन वर्षांनी घरांचे भाव कोसळले. तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला. मुद्दलातला एक डॉलरही फिटला नव्हता आणि घराची किंमत कर्जाच्या खाली गेली होती, त्यामुळे विकूनही सुटका नव्हती. ७ सप्टेंबर २००८, रविवार. त्या दिवशी सरकारने दोन्ही कंपन्या ताब्यात घेतल्या. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यात सुमारे १८७ अब्ज डॉलर सरकारी तिजोरीतून ओतावे लागले. नंतर त्या कंपन्यांनी तिजोरीला त्याहून जास्त दिले. नातीचं घर त्यातून परत आलं नाही.

तिने किल्ली नातवाच्या टेबलावर ठेवली.

"तळघरात पाणी येतं," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी बर्फ वितळला तेव्हापासून. तुम्हाला सांगणार होते. पण कर्ज तुमच्याकडे नव्हतंच, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांचा फोन कधी लागला नाही."

ती गेल्यावर त्याने फळीवरून कंदील उतरवला. त्यात तेल नव्हतं, वातही नव्हती. मग विजेरी घेऊन तो त्या घरी गेला आणि तळघराच्या पायऱ्या उतरू लागला. तिसऱ्या पायरीवर बुटाला पाणी लागलं. विजेरीच्या उजेडात समोरच्या भिंतीवर ओलीच्या रेघा दिसत होत्या, दर वर्षाची एक, एकावर एक.