उरलं ते कुणाचं?

हरभऱ्याचं रोप उपटून मुळं धुतली की त्यांवर बारीक गाठी दिसतात. एखादी नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी रंग असेल तर समजावं, जिवाणू कामाला लागलेत. हवेतला नत्र रोपाला मिळतो तो त्यांच्यामुळे. म्हणूनच पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात. गुळाच्या पाण्यात कालवलेली काळी भुकटी, दहा किलो बियाण्याला पाव किलोचं एक पाकीट, आणि मग सावलीत सुकवणं.

हे जिवाणू पाकिटात येण्याआधी प्रयोगशाळेत वाढतात. तिथे त्यांना खायला लागतं. मॅनिटॉल, थोडे क्षार आणि लिटरमागे जेमतेम अर्धा-एक ग्रॅम यीस्टचा अर्क. ब जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं त्यांना त्या चिमूटभर अर्कातून मिळतात. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासूनही असा अर्क निघतो. बिअर आंबताना यीस्ट कितीतरी वाढतं. त्यातलं थोडं पुढच्या घाण्याला ठेवतात. बाकीचा दाट, कडवट गाळ उरतो. तो धुऊन साधारण ५० अंशांच्या उबेत ठेवला की पेशी मरतात, पण त्यांच्यातली विकरं काम सोडत नाहीत. पेशीतलीच प्रथिनं ती विरघळवत राहतात. मग कवचं तेवढी वेगळी काढायची. मात्र हे सगळं गाळ ताजा असतानाच करावं लागतं. पडून राहिला की तो नासतो.

इंग्लंडमधल्या बर्टन गावी १९०२ मध्ये अशाच गाळापासून मार्माइट हा खाण्याचा अर्क करणारी कंपनी निघाली. पुढे १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त का राहत नाही, याचा त्या शोध घेत होत्या. हा स्वस्त अर्क खाऊ घातल्यावर त्या बायका सुधारल्या. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे आजचं फॉलिक ॲसिड. आता गरोदरपणात त्याची गोळी आठवणीने दिली जाते. तळाच्या गाळाकडे कुणीतरी आपुलकीने पाहिलं, म्हणून केवढं घडलं!

आपल्या घरीही रोज काही ना काही उरतं. टाकायला आपलाही जीव होत नाही. आपण ते जपून ठेवतो आणि मग ते कपाटात, फ्रीजमध्ये विसरून जातो. खरी मेख या 'नंतर बघू'त आहे. उरलं त्याच दिवशी विचारावं, हे कुणाला लागेल? मुलगी वरच्या वर्गात गेली असेल तर तिची पुस्तकं कुणाला हवीत, ते आज कामाला जाता जाता शेजारी विचारून घ्या. आणि काल पनीर केलं असेल, तर त्याचं पाणी आजच्याच कणकेत जाऊ द्या.