भाषा शेवटी चिकटवू नका

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठी करीत असलेली पिकाची नोंद धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्या कांदा उत्पादकाच्या मोबाइलवर आली. ही नोंद चुकली तर अनुदान आणि नुकसानभरपाई दोन्ही अडू शकतात. अशा वेळी पडद्यावरची भाषा हा शेतकऱ्याचा हक्क ठरतो. ती समजली नाही की तो मोबाइल आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देतो, आणि आपला व्यवहार तिसराच कुणीतरी करतो.

सॉफ्टवेअर बहुधा आधी इंग्रजीत पूर्ण होते, मग सुट्या वाक्यांची यादी अनुवादकाकडे जाते. कोणते वाक्य कुठे दिसणार, हे त्याला कुणी दाखवत नाही. त्यातही गावाचे नाव बाहेरून आणून वाक्यात जोडतात. मराठी माणूस 'धुळ्यात' म्हणतो, यंत्र 'धुळे मध्ये' छापते. दोष अनुवादकाचा नाही, अख्खे वाक्य त्याच्या हाती कधी आलेच नाही. मोझिला या संस्थेच्या 'फ्लुएंट' या अनुवाद-पद्धतीत इंग्रजीत एकच रूप असले तरी मराठीत लिंग-वचनाप्रमाणे हवी तितकी रूपे ठेवता येतात. मार्ग तयार आहे, तो वापरण्याची इच्छा हवी.

पिंपळनेरचा प्रश्न मात्र मराठीपाशी संपत नाही. इथे घरोघरी अहिराणी बोलतात, पश्चिमेकडच्या पाड्यांवर कोकणा, मावची आणि भिल्ल समाजाच्या बोली आहेत. २०११च्या जनगणनेत अहिराणी ज्या खानदेशी भाषेत मोजली गेली, तिचे भाषक १८ लाखांवर होते. अहिराणीत एखादे वाक्य नसेल तर सॉफ्टवेअरने थेट इंग्रजीवर का उडी मारावी? आधी मराठी, मग हिंदी, इंग्रजी अगदी नाइलाजाने, हाच क्रम हवा. शिवाय अहिराणी ऐकण्याची सवय बहुतेकांना आहे, वाचण्याची थोड्यांना. म्हणून पडद्यावर मराठी अक्षरे आणि कानावर अहिराणी सूचना, ही मांडणी मला सर्वांत योग्य वाटते.

शासनाने निविदेतच अट घालावी: साक्री तालुक्यातल्या शेतकरी बाईने कुणालाही न विचारता नोंद पूर्ण केली, तरच कंत्राटदाराचे देयक निघेल. आणि पिंपळनेरच्या महाविद्यालयीन मुलामुलींनो, मोझिलाच्या 'पाँटून' या अनुवादाच्या संकेतस्थळावर खाते उघडून मराठी वाक्ये कुणालाही सुचवता येतात. आपल्या आजीला कळेल असे एक वाक्य आजच सुचवा.