क्लेमचा अर्ज आणि आपली गवाही

घराचा विमा उतरवलेल्या कुटुंबात पुराचे पाणी शिरले की नुकसानीबरोबर एक प्रश्नही घरात येतो. क्लेम करावा की करू नये? वरवर पाहता हा पैशाचा हिशोब आहे. पण आपल्या मुस्लिम घरांत त्याला हलाल-हरामची बाजू असते, इभ्रतीची असते आणि शेजारधर्माचीही असते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हायला हवा, असे आम्हाला वाटते.

आमच्या कोकणाने हा प्रसंग जवळून पाहिला आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले. पूर ओसरल्यावर घराघरांतून चिखल निघाला आणि त्या चिखलात गाद्या, कपाटे, फ्रीज, शिलाई मशीन सगळे आले. तलाठ्याचे पंचनामे सुरू झाले. सरकारी मदतीच्या यादीत नाव घालायला कोणी संकोच केला नाही, आणि करूही नये. पण विम्याचे नाव निघाले की आपल्या माणसांच्या कपाळावर आठी पडते.

अनेकांना आपल्या घराचा विमा आहे हेच ठाऊक नसते. घरासाठी कर्ज देताना बँक बहुधा विमा उतरवून घेते आणि ते कागद कपाटात पडून राहतात. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी देशभर लागू झाली. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल यांत झालेली हानी तीत धरली जाते. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण सामानालाही संरक्षण मिळते. आपल्या पॉलिसीत नेमके काय आहे, हे पूर येण्याआधी वाचलेले बरे.

क्लेमबद्दल आपल्यात तीन उत्तरे ऐकू येतात.

पहिले उत्तर असे की, विम्याचा पैसा शंकास्पद आहे, त्याला हात लावू नये. या उत्तरामागे मोठी परंपरा आहे. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन यांचे निधन १८३६ मध्ये झाले. जहाजावरच्या मालाच्या विम्याचा विचार त्यांनी त्या काळात केला होता आणि तो नाजायज ठरवला होता. १९८५ मध्ये जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाकारला. मात्र त्याच ठरावात एकमेकांच्या मदतीवर उभ्या असलेल्या सहकारी विम्याला मान्यता दिली. व्याज, अनिश्चितता आणि जुगाराचा अंश हे आक्षेपाचे मुद्दे होते. संकटात एकमेकांचा भार वाटून घेण्यावर आक्षेप नव्हता. दुसरीकडे भारतातील काही उलेमांनी दंगलींचा धोका आणि इथली परिस्थिती पाहून विम्याला सवलत दिली. सहकारी पद्धतीच्या विम्याला तकाफुल म्हणतात. त्याची घरासाठीची पॉलिसी आपल्या बाजारात मिळत नाही.

ज्याचे मन अजूनही शंका घेते त्याच्यासाठी उलेमांनी वाट दाखवली आहे. भरलेल्या हप्त्यांइतकी रक्कम स्वतः ठेवावी, वरची रक्कम सवाबची अपेक्षा न धरता गरजूंना द्यावी. ज्याला ही वाट पटते त्याने ती धरावी. पण हप्ता वर्षानुवर्षे भरायचा आणि क्लेमच्या वेळी तेवढी परहेजगारी आठवायची, यात आम्हाला मेळ दिसत नाही. शंका असेल तर ती विमा घेतानाच विचारावी. शहरात मुफ्ती आहेत, त्यांना कागद दाखवून विचारता येते.

दुसरे उत्तर इभ्रतीचे. 'आपण काय हात पसरायचा? अल्लाहने दिले होते, अल्लाहने नेले.' सब्र ही फार मोठी गोष्ट आहे. पण सब्र म्हणजे हक्क सोडणे नव्हे. क्लेम ही खैरात नाही, तो करारातला शब्द आहे. शिवाय एक गोष्ट घरातले पुरुष विसरतात. चिखलात गेलेले सगळे सामान त्यांचे नसते. शरीयतमध्ये बायकोची मालमत्ता तिची स्वतःची असते. ती लग्नात आली म्हणून नवऱ्याची होत नाही. शिलाई मशीन तिच्या कमाईचे साधन असेल, कपाट तिच्या माहेरचे असेल. आपला हक्क माफ करणे हा मोठेपणा आहे. दुसऱ्याचा हक्क आपण माफ करून टाकला तर त्याला मोठेपणा म्हणता येत नाही. म्हणून 'क्लेम नको' असे म्हणण्याआधी घरातल्या बाईला विचारले पाहिजे. आईला विचारले पाहिजे. नुकसान किरकोळ असेल आणि सगळ्यांनी मिळून सोडून द्यायचे ठरवले, तर तो त्यांचा आनंदाचा निर्णय.

तिसरे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येते आणि तेच सर्वांत जास्त घातक आहे. 'इतकी वर्षे हप्ते भरले, आता वसूल करा. कंपनी निम्मेच देते, म्हणून दुप्पट लिहा. जुना टीव्हीही पुरात गेला असे लिहून टाका.' सांगणारा माणूस वाईट नसतो. तो आपल्याच भल्याचे बोलतो आहे असे त्याला वाटते.

यातली चूक मुळापासून पाहायला हवी. हप्ता ही ठेव नसते. ज्या वर्षी पूर आला नाही त्या वर्षीचा हप्ता फुकट गेला नाही. त्याच्या बदल्यात वर्षभर आपल्या घराचा धोका दुसऱ्यांनी वाटून घेतला होता. आणि क्लेमची रक्कम येते कुठून? हजारो घरांच्या हप्त्यांतून. त्यांत खेडच्या शिक्षकाचा हप्ता असतो, सांगलीच्या विधवेचा असतो. खोटे लिहिणारा माणूस 'कंपनीला' फसवल्याचे समाधान मानतो, पण भार शेवटी पुढच्या वर्षीच्या हप्त्यात त्यांच्यावरच पडतो. हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क. ज्याचा हक्क आपण घेतला त्याने माफ केल्याशिवाय हे देणे फिटत नाही, असे आपण मुलांना शिकवतो. इथे तर कोणाकडे जाऊन माफी मागायची तेही कळणार नाही.

मग कंपनीने खरेच कमी दिले तर? पाहणीला आलेल्या सर्वेअरने रास्त वस्तू नाकारल्या तर? असे होते आणि ते सोसून घेऊ नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत आणि तक्रारीला फी लागत नाही. अन्यायावर उपाय म्हणून आधीच खोटे लिहून ठेवले, तर खऱ्या तक्रारीतली ताकदही निघून जाते. शिवाय खोटे उघड झाले तर खरा क्लेमही बुडू शकतो.

खरे लिहिणे म्हणजे कमी लिहिणेही नव्हे. पॉलिसी नव्या वस्तूची किंमत देते की घसारा वजा करून, हे करारात लिहिलेले असते. करारच नव्या वस्तूची किंमत देत असेल तर ती घेण्यात लालूच नाही. पण लहान फ्रीज होता आणि मोठा लिहिला, तर ती किंमत कुठल्याही करारात बसत नाही. फोटो, बिले, वॉरंटी कार्ड जे सापडेल ते जोडावे. बिल वाहून गेले असेल तर वाहून गेले असे लिहावे. आठवत नसेल तर अंदाज म्हणून लिहावे.

आम्ही शिक्षक वर्गात अमानत आणि गवाही हे शब्द रोज समजावतो. मुले मान डोलावतात आणि घरी जाऊन मोठ्यांकडे बघतात. क्लेमच्या अर्जाखाली सही असते, 'वरील माहिती खरी आहे' असे वाक्य असते. कोणी कुराणावर हात ठेवायला सांगत नाही, तरी ती गवाहीच आहे. म्हणून करावा की नाही, याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या मनाला आणि आपल्या आलिमाला विचारून ठरवावे. पण करायचा ठरला तर तो ताठ मानेने करावा आणि पाण्याने जेवढे नेले तेवढेच लिहावे.