मधल्या स्थानकाचे देणे

वेग चांगला की वाईट, असा वाद आपल्याकडे हौसेने घातला जातो. गाडीत बसलेल्याला तो चांगलाच वाटणार. पण वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

जपानमध्ये गुन्मा आणि नागानो या दोन प्रांतांच्या सीमेवर उसुई नावाचा घाट आहे. १८९३ साली तेथे रेल्वे आली. चढण अशी की पंधरा मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर वर चढावे. आपल्या बोरघाटाची किंवा कॅसलरॉक-कुळे घाटाची चढण सदतीसास एक, म्हणजे उसुई तिच्या दुपटीहूनही खडी. पायथ्याच्या योकोकावा स्थानकात प्रत्येक गाडी थांबायची, मागून रेटणारी इंजिने जोडली जायची, आणि तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरून मातीच्या भांड्यातला गरम भात विकत घ्यायचे. १९५८ पासून हा ‘कामामेशी’ प्रसिद्ध आहे. कर्जतचा बटाटेवडा खाल्लेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको. गाडीच्या अडचणीवर एका गावाचे पोट चालत होते.

१ ऑक्टोबर १९९७ रोजी ताकासाकी ते नागानो शिंकान्सेन सुरू झाली. १९९८ च्या फेब्रुवारीत नागानोला हिवाळी ऑलिंपिक भरायचे होते. तोक्यो-नागानो हा सुमारे तीन तासांचा प्रवास दीड तासावर आला. त्याच दिवसापासून योकोकावा ते करुइझावा हा अकरा किलोमीटरचा जुना मार्ग बंद झाला आणि तेथे बस आली. वाटेवरचे योकोकावा शेवटचे स्थानक बनले. करुइझावाच्या पुढचा जुना मार्ग प्रामुख्याने प्रांत व स्थानिक संस्थांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या ‘शिनानो रेल्वे’कडे गेला. पुढे २०१५ मध्ये ही शिंकान्सेन कानाझावाला आणि १६ मार्च २०२४ रोजी त्सुरुगाला पोहोचली, तेव्हाही समांतर जुने मार्ग असेच स्थानिक कंपन्यांच्या गळ्यात पडले. ओसाकाहून कानाझावाला थेट जाणाऱ्या माणसाला आता त्सुरुगाला गाडी बदलावी लागते.

हिशेब करणारा म्हणेल, हजारो लोकांचा दीड-दीड तास वाचला, मूठभरांची गैरसोय झाली. वजाबाकी करा, नफाच निघेल. पण ही बेरीज कोणाच्या खिशात जमा होते? वेळ हा धान्यासारखा एका कोठारात साठत नाही. तोक्योच्या व्यापाऱ्याचा दीड तास घाटाखालच्या म्हातारीच्या उपयोगी पडत नाही. बेरीज सर्वांची मिळून होते, तोटा मात्र ज्याचा त्यालाच सोसावा लागतो.

म्हणून वेग नाकारावा काय? तसे म्हणणे सोपे आहे, आणि थोडे दांभिकही. घाटातल्या रेंगाळण्याचे कौतुक बहुधा सुट्टीवर निघालेला करतो. ज्याला इस्पितळ गाठायचे आहे, त्याला दीड तास म्हणजे आयुष्य असू शकते. शिवाय घाटात दर गाडीला जादा इंजिने जोडणे खर्चाचेच होते. केवळ आठवणींसाठी तो खर्च कोणी कायम करावा, असा हट्ट धरता येणार नाही.

तरीही एक गोष्ट उरते. ज्याच्या गावावरून आपण न थांबता जातो, त्याचे आपण काही देणे लागतो. मागे राहिलेल्या मार्गाचा खर्च हा वेगवान गाडीच्याच खर्चाचा भाग धरला पाहिजे. तो दयाबुद्धीने दिलेले अनुदान म्हणून नंतर आठवायचा नसतो. शाळेला जाणाऱ्या पोराची सकाळची गाडी चालू राहिली, तरच शेजारून धावणाऱ्या गाडीचा वेग नैतिकदृष्ट्या फिटला असे म्हणता येईल.

मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा जपानी तंत्राचा मार्ग आपल्या वडोदऱ्यावरूनच जायचा आहे. तेव्हा हा प्रश्न परका राहिलेला नाही. आणि सीमाभागातल्या माणसाला तर तो मुळीच नवा नाही. निर्णय दोन टोकांच्या राजधान्यांत होतात आणि त्यांचे परिणाम मधल्यांच्या अंगणात उतरतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. नवा मार्ग आला की तो किती मिनिटे वाचवतो, हे जरूर विचारावे. त्याच दमात, तो कोणाला ओलांडून जातो, हेही विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.